बोटांवरच्या रेघा

पेणच्या एसटी स्टँडवर ती माझ्या शेजारी बसली होती, तळहात वर करून, मेंदी सुकवत असल्यासारखी. सगळा जन्म मिठागरात गेलेली बाई. कॅनडाहून आलेला मुलगा तिच्या एकेका बोटाला खोबरेल चोळत होता. तिला कायमचं तिकडे न्यायचं म्हणून त्याने अर्ज केला होता. मागच्या खेपेला मुंबईतल्या व्हिसा केंद्रातल्या मशीनने तिच्या बोटांचे ठसे घेतलेच नाहीत, कारण मिठाने बोटांवरच्या रेघा झिजल्या होत्या. तेव्हापासून त्याने तिला मिठागरात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

"आज ठसे उठणार बघा, ताई," तो मला म्हणाला. पण त्याचा पाय सारखा हलत होता.

गाडीची चौकशी करायला तो खिडकीकडे गेला, तशी तिने पदराची गाठ सोडली. आत खडेमीठ होतं. तवा घासावा तशी ती त्या मिठाने बोटं घासू लागली. नजर मात्र मुलाच्या पाठीवर.

"अहो, हे काय करताय?"

"माझ्यानं त्याला नाय म्हणवत नाय गो," ती हळूच म्हणाली. "मशीनच सांगंल."

मुलगा परत आला. त्याने तिचा हात हातात घेतला.

"आई, बोटं एवढी लाल कशानं झाली?"

तिने पदराची गाठ आवळली. त्याने माझ्याकडे बघितलं.

"तुम्हीच चोळलीत की इतकी," मी म्हणाले.