पट्ट्यांमधलं अंतर

इतकी वर्षं झाली, पण हावड्याचं ते प्रकरण मनातून जात नाही. मी महाराष्ट्रातला, पण पोलिसातली सगळी नोकरी बंगालमध्ये झाली.

एका कारखानदाराला खंडणीसाठी फोन आला: "पोलिसांत गेलास तर मुलगी शाळेतून परत येणार नाही." आवाज फडक्याआडून आलेला, सिमकार्ड चोरीचं. खबऱ्याने सांगितलं, आठवड्यापूर्वी कारखान्यात लेथ यंत्र चालवणाऱ्या कामगाराचं मालकाशी रजेवरून भांडण झालं होतं. फोनचा टॉवर कारखान्याच्याच भागातला, बोलण्यामागे यंत्राची घरघर. मी त्याला अटक केली.

चौकशीत त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं. तो म्हणाला, "स्यार, हे माझं मशीन नाही. बारा वर्षं कान तिथेच आहेत माझे."

"कान राहू दे, तोंड उघड," मी म्हणालो. तीन दिवस तो कोठडीत होता.

पुराव्यासाठी बोलणं स्पष्ट हवं होतं, म्हणून ध्वनिफीत कोलकात्यात सॉल्ट लेकच्या एका ध्वनितज्ज्ञ बाईंकडे नेली. त्या मूळच्या नागपूरच्या.

"घरघर काढून टाका," मी म्हटलं.

"काढू कशाला, साहेब? तीच वेगळी करते."

त्यांनी फिल्टर लावून बोलणंच गाळलं. पडद्यावर समान अंतराच्या आडव्या पट्ट्या उरल्या. एकाच यंत्राचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. फोनवर खालचे स्वर पोचत नाहीत, म्हणून त्यांनी वरच्या पट्ट्यांमधलं अंतर मोजलं: चाळीस हर्ट्झ. अकरा सेकंदांत ते बावीसवर आलं, सगळ्या पट्ट्या एकदमच खाली उतरल्या.

"विजेवरचं लेथ एका लयीत फिरतं. हे डिझेल इंजिन आहे आणि ते वेग कमी करतंय."

त्या टॉवरच्या टप्प्यात डिझेल इंजिन असं हळू होतं ते हुगळी नदीतली लाँच धक्क्याला लागताना. फोनच्या वेळेला धक्क्याला लागलेल्या लाँचचं कॅमेऱ्यातलं चित्रण काढलं. उतरणाऱ्यांत कारखान्याचा व्यवस्थापक होता, हातात फोन आणि रुमाल. समोर बसवताच त्याने कबुली दिली. भांडण त्याला ठाऊक होतं. संशय कामगारावर जाईल, हा त्याचा हिशेब होता. तो बरोबर ठरला माझ्यामुळे.

संशयित जे बोलतो ते खोटंच, असं धरून मी चौकशीला बसायचो. यंत्राबद्दल त्या खोलीत सर्वांत जाणकार तोच होता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

कामगार सुटताना मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तोंडी नको, स्यार. गल्लीत लावायला लिहून द्या. बायको तीन दिवस नळावर गेलेली नाही."

मी दोन वाक्यं लिहिली: हा माणूस निर्दोष आहे. चूक माझी होती. वरिष्ठ म्हणाले, दुसरं वाक्य काढा.

मी दोन्ही वाक्यांखाली सही केली आणि कागद कामगाराच्या हातात दिला.