बयूमीची तिरकी कोसा

तांता शहराच्या पाणीपट्टी कार्यालयात बयूमी एकवीस वर्षं कारकुनी करत होता. पगाराचं पाकीट न उघडता तो बायकोच्या, इन्शिराहच्या हातात ठेवायचा. मग चहा-सिगारेटला ती देईल तेवढं. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. खटकायचं ते वर्षातून एकदाच. मौलिदला, पैगंबरांच्या जन्मदिवशी, गावातला प्रत्येक नवरा बायकोसाठी मिठाईचा खोका आणि साखरेची बाहुली आणतो. बयूमीही आणायचा, पण तिनेच दिलेल्या पैशांनी. खोका दारात आला की तिचा प्रश्न ठरलेला, "उरलेले कुठायत?" त्यानंतर खोका उघडायचा.

यंदा बाहुली आपल्या कमाईची आणायची, असं त्याने पक्कं केलं. पण कमाई आणायची कुठून? टॅक्सी चालवायची तर लायसन नाही, शिकवण्या घ्यायच्या तर गणिताशी जुनं वैर.

वाट सापडली शेजारच्या टेबलावर. पैसे भरण्याची खिडकी बंद झाली की कचेरीतल्या बायका पिशव्या उघडून भाजी निवडत बसत. मदाम अवातिफ कोसा कोरत होती. कोवळ्या दुधीची धाकटी बहीण शोभेल अशी ती भाजी. गर काढायचा आणि आत तांदूळ भरायचे. अवातिफची तिसरी कोसा फुटली.

"द्या इकडे," बयूमी म्हणाला. "भाजीचे हाल बघवत नाहीत."

त्याने गर काढायची सळई फिरवली. साल इतकी पातळ राहिली की खिडकीपलीकडचा उजेड तिच्यातून दिसायला लागला.

"अगं बाई! उस्ताजसाहेब, हे कुठे शिकलात?"

"लष्करात. बाकीचे बंदुका चालवत होते, मी दीड वर्ष पलटणीची कोसा कोरली."

देठ तिरका कापायची सवयही त्याला तिथलीच. स्वयंपाकघराच्या वस्तादाने छडी मारून लावलेली.

अवातिफ पक्की व्यवहारी. नोकरीवाल्या बायकांना कोरलेली कोसा हवीच असते, हे ती जाणून होती. गिऱ्हाइकं ती आणायला लागली. बयूमीची अट एकच.

"माझं नाव कुठे निघता कामा नये. घरी कळलं तर हेही पाकिटात जाईल."

"मी कुणाला सांगत नाही, तुम्ही कुणाचं काम ते विचारू नका," अवातिफ म्हणाली.

मग दुपार झाली की कपाटाआड बयूमी आणि टोपलीभर कोसा. बोटांना चीक लागायचा, पाठ धरायची, पण गडी खूश होता. पहिली कमाई त्याने पाच-सहा वेळा खिशातून काढून पाहिली. तोंडाने शीळ घालायची सवय त्याला नव्हती, तीही लागली.

मौलिदला तो छाती काढून घरी आला. एका हातात खोका, दुसऱ्या हातात कागदी पंख्यांची गुलाबी बाहुली.

इन्शिराह बघतच राहिली. "मी तर पैसे दिलेच नव्हते!"

"माझे आहेत. आधी जेवायला वाढ, मग सांगतो."

तिने वाफाळतं ताट पुढे ठेवलं. बयूमीने कोसा उचलली आणि घास हातातच राहिला. देठ तिरका.

"ही... तू कोरलीस?"

"माझी मनगटं गेली कामातून. गेला महिनाभर विकत घेते, अवातिफकडून. कोण कोरतं कुणास ठाऊक, पण हात सोन्याचे आहेत बाईचे! नाहीतर तू. तुला साधा कांदा चिरता येत नाही."

बयूमीने कोसा ताटात ठेवली. सगळी हवाच गेली त्याची.

"बाई नाही," तो पुटपुटला. "मीच तो. म्हणजे बाहुली यंदाही तुझ्याच पैशांची."

इन्शिराहने त्याचा हात ओढला, चिकाने काळवंडलेली बोटं उलटसुलट पाहिली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"वेडा आहेस का, हुसामच्या बापा? मी काय दान दिलं? कोसा घेतली, पैसे दिले. दुसऱ्या कुणी कोरली असती तर त्याला दिले असते. आणि तिथे कोरतोस, तर घरी इतकी वर्षं हात का दुखतात रे तुझे?"

तिने बाहुली उचलून फ्रीजवर, आल्यागेल्याला दिसेल अशी उभी केली. मग बसून खोका उघडला, तिळाची वडी तोडली आणि मोठा तुकडा त्याच्या तोंडात घातला.

उरलेले कुठायत, हे तिने विचारलं नाही.