थांबवलेली ओहोटी

बाबा दुपारी जेवून झोपाळ्यावर बसले की मला धडकी भरायची. कधी उठतील आणि आईला हाक मारत किनाऱ्याकडे निघतील, याचा नेम नसे. आई समुद्रातल्या खडपावर, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकावर, कालवं काढायला गेली आणि भरतीत सापडली, त्याला किती वर्षं झाली. सगळ्या किहीम गावाला ते ठाऊक आहे. बाबा मात्र विसरले.

पूर्वी त्यांना फक्त त्यांचा कॉम्प्युटर आवरायचा. त्यात भरती-ओहोटी दाखवणारा एक जुना प्रोग्राम होता. त्यावरून बाबा कालवंवाल्या बायकांसाठी ओटीवरच्या फळ्यावर वेळा लिहीत. पडद्यावर ओहोटी दिसली की "येळ हाय अजून" म्हणून बसून राहत. माझ्या मोबाइलवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. खाऱ्या हवेने तो कॉम्प्युटरचा डबा शेवटी खाल्ला आणि बाबांना धरबंध उरला नाही. एकदा शेजाऱ्यांनी त्यांना कमरेइतक्या पाण्यातून ओढून आणलं.

म्हणून मी माझ्या लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन उभं केलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर. त्यात बाबांच्याच जुन्या सीड्यांवरून त्यांची सिस्टिम आणि तो भरतीचा प्रोग्राम घातला. निळा पडदा आला, पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. मालकाचं नाव विचारलं, मी बाबांचं टाकलं. प्रोग्राम सुरू झाला, पण आजची तारीख घेईना. त्यातली कोष्टकं केव्हाच संपली होती. आम्ही किनाऱ्यावरची माणसं. तिथी जुळली की भरती जुळते, वर्षाला कोण विचारतो? त्याच तिथीचा एक जुना दिवस शोधून मी आतलं घड्याळ मागे नेलं. बाबा पुढे सरकून बसले, आणि तेव्हा कुठे पडद्याच्या कोपऱ्यातलं वर्ष माझ्या डोळ्यांत भरलं. त्या वर्षी आई होती.

"ओहोटी हाय," बाबा म्हणाले. "येईल ती आता."

थोड्या वेळाने आतलं पाणी चढू लागलं आणि ते चप्पल शोधायला उठले. असलं मशीन आहे त्या क्षणी साठवून ठेवता येतं, हवं तेव्हा तिथेच परत नेता येतं. मी आतलं घड्याळ पुन्हा मागे नेऊन ओहोटीचा तो क्षण साठवला. रोज जेवणानंतर तोच उघडायचा, पाणी चढायला लागलं की मागे न्यायचं. बाबा जागचे हलेनात. मी स्वतःवर जाम खूश होते, खोटं कशाला बोलू?

पण घर विचित्र होत गेलं. बाहेर उधाणाच्या लाटा माडांच्या मुळाशी आपटायच्या आणि आमच्या खोलीत पाणी लांब गेलेलं असायचं. रोज तीच दुपार. एकदा मी नकळत चहाचे तीन कप ओतले. बाबांनी तिसऱ्यावर बशी झाकून ठेवली. मला त्या बशीची भीती वाटली आणि ती उचलवलीही नाही.

मग एका दुपारी मी मशीन मागे न्यायला हात घातला, तर बाबांनी मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे बाय. भरू दे पानी."

"बाबा, मग तुम्ही निघाल."

"न्हाय जात. कवाची खडपावर उभी हाय ती. किती दिस उभी ठेवशील तिला?"

मी हात काढून घेतला. पडद्यावरची निळी रेघ वर सरकत राहिली आणि टोकाला टेकली. बाबा झोपाळ्यावरून उठले नाहीत. उठले ती मी. दारापर्यंत धावत गेले आणि मोठ्याने आईला हाक मारली.