दोन सारखी वर्तुळं
रांगोळीचे रंग चाळताना उडणारी कोरडी धूळ नाकात गेली की मला जूचंद्रजवळच्या शाळेतला माझा पाचवीचा वर्ग आठवतो. भूमिती आणि लेखन एकाच तासात व्हावं म्हणून मी मुलांना रांगोळीची कृती लिहायला सांगितली होती. बाकावरच्या शेजाऱ्याने ती नुसती वाचून रांगोळी फरशीवर काढायची. माझ्या डोक्यात ठिपके आणि चौकोन होते. पहिल्या बाकावरची मुलगी पेन्सिल चावत म्हणाली, "बाई, आमच्या गावात ठिपके नाय काढत. आम्ही मानसं काढतो." "मग माणूस लिही," मी म्हटलं. तिचा कागद घेऊन मैत्रीण फरशीवर ओणवी झाली, चिमटीतून पांढरी रेघ सुटू लागली आणि भोवती जमलेला वर्ग खिदळू लागला. जाऊन पाहते तर खाली मीच. मी कागद मागून घेतला आणि वाचला : ‘दोन सारख्या त्रिज्येची वर्तुळं काढा. त्यांच्या मागे रागावलेल्या बाई काढा.’ रागवायची सोयच उरली नव्हती, मीच मोठ्याने हसले. परवा चष्मा बदलायला गेले, तेव्हा दुकानदार नव्या चौकोनी फ्रेमा दाखवत होता. मी म्हटलं, गोलच द्या, नाहीतर मुलं ओळखायची नाहीत.