चॅम्पियनच्या पुस्तकाचं पारायण

पदक दातात धरलेल्या माणसाचा फोटो ज्या पुस्तकावर असतो, ते पुस्तक मी हातात घेत नाही. दुकानात दिसलं तर पालथं घालून ठेवते. लोकांना वाटतं माझा जळफळाट होतो. होतोही. पण खरं कारण वेगळं आहे. असल्या एका पुस्तकाचं मी सात दिवस पारायण केलेलं आहे, पाटावर बसून, समोर समई लावून, आणि यातला एकही शब्द मी गंमत म्हणून लिहीत नाही.

तेव्हा माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. अमरावतीतलं आमचं घर भिक्षुकीचं. बाबा पूजा सांगायचे, लग्नं लावायचे. अख्खा मोहल्ला त्यांना महाराज म्हणायचा. बैठकीत कोणीतरी रडकं तोंड करून बसलेलं असायचं, की महाराज, पूजा केली पण मुलाचं लग्न काही जमलं नाही. बाबा शांतपणे म्हणायचे, "विधीत काही राहिलं असेल. पुन्हा करू." देवाची चूक नसायची, बाबांची तर नसायचीच नसायची. हे वाक्य मी लहानपणापासून आतल्या खोलीतून इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याचा मला वीट आला होता.

अशा घरात मी पोहत होते, हेच मुळात आक्रीत. दहावीनंतर पोहणं बंद आणि क्लास सुरू, असं सगळ्यांनी मला न विचारता ठरवलं होतं. बाबांनी एकच सवलत ठेवली होती. अकोल्याच्या निवड चाचणीत शंभर मीटरला पहिल्या दोघींत आलीस, विभागाच्या संघात गेलीस, तर अकरावीतही पोह. नाहीतर मुकाट्यानं पोहण्याचा पोशाख मावसबहिणीला देऊन टाक. मला पाण्याबाहेर काहीही नीट येत नव्हतं. हे मला माहीत होतं, शाळेलाही माहीत होतं, फक्त घरच्यांना माहीत नव्हतं.

पुस्तक आलं अकोल्याहून, जठारपेठेतल्या आत्याकडून. म्हणजे आतोबांकडून. आतोबा वकील. कोणालाही काहीही द्यायचं झालं तर ते प्रेरणादायी पुस्तकच द्यायचे. मुंजीत पुस्तक, बारशात पुस्तक. स्वतः एकही वाचलेलं नसायचं. कोण्या परदेशी जलतरणपटूचं हे आत्मचरित्र, मराठीत आणलेलं. भाषांतर असं, की बाई पाण्यात उडी मारायच्या आधी दोन पानं वाक्यच संपायचं नाही. प्रत्येक प्रकरणात स्वप्न, प्रत्येक प्रकरणात जिद्द, आणि दर चार पानांनी तिची आई तिच्यासाठी रडलेली. माझी आई माझ्यासाठी रडत नव्हती, ती माझे ओले टॉवेल वाळत घालताना वैतागत होती. पण पंधराव्या वर्षी एवढी अक्कल कुठली? मी ते पुस्तक छातीशी धरून झोपायचे.

बाबांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, अनुक्रमणिका मोजली आणि म्हणाले, "एकवीस अध्याय आहेत. रोज तीन. सात दिवसांत होईल. आठव्या दिवशी तुझी चाचणी. योग चांगला आहे."

आमच्या घरात पुस्तक म्हणजे पोथी. ते वाचत नाहीत, त्याचं पारायण करतात. कोणी हसलं नाही. आईनं पाट मांडला. मी तळहातावर पाणी घेतलं आणि बाबांनी संकल्प सांगितला, त्यात माझं गोत्र आलं आणि शंभर मीटरही आलं. नियम नेहमीचेच. पहाटे आंघोळ, पूर्वेला तोंड, मोठ्यानं वाचायचं, मध्ये उठायचं नाही, वाचताना कोणाशी बोलायचं नाही, सात दिवस एकवेळ जेवण, तेही उपासाचं. वेळ सहा ते साडेसात, कारण आठ वाजता बाबांना पूजेला निघायचं असे.

सहा ते साडेसात हीच माझी सरावाची वेळ होती. संध्याकाळी टँकमध्ये नवशिक्यांचा नुसता चिखल. सरळ रेषेत पोहायला जागा नाही. म्हणजे चाचणीच्या आधीचा अख्खा आठवडा मी पाण्याबाहेर राहणार होते, आणि भगर खाऊन. हे बाबांना कळलं नाही, एक वेळ समजू शकते. आईला कळलं नाही, तिला विचारलंच कोणी होतं? पण मला कळलं होतं. मला स्वच्छ कळलं होतं आणि तरी मी पाटावर बसले. मला वाटलं, हे जास्त मोठं काहीतरी आहे. सराव काय, कोणीही करतं! आज ती मुलगी मला भेटली तर मी तिला बखोटीला धरून उठवीन.

चौथ्या दिवशी सर आले. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. चांदूर रेल्वेकडचा शेतकरी घरातला माणूस, घरच्या विहिरीत पोहायला शिकलेला. दारातूनच त्यांनी आईला विचारलं, "पोट्टी चार दिस झाले पाण्यात नाही. ताप गिप आला का काय तिले?"

"पारायण चालू आहे तिचं," आई म्हणाली.

सरांनी झटकन चपला काढल्या, आत येऊन भिंतीशी उभे राहिले आणि हात जोडले. भाविक माणूस. मी मान न वळवता वाचत होते. अकरावा अध्याय होता. बाई बर्फाच्या टबात बसलेली आणि तिचा मालिशवाला तिच्या डाव्या खांद्याबद्दल अडीच पानं बोलतोय. मी ते मोठ्यानं, पोथीच्या चालीवर म्हणत होते. सरांचे जोडलेले हात मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होते. ते हळूहळू खाली आले.

"महाराज," सर बाबांना म्हणाले, "हे कोन्या देवाची पोथी हाय?"

"पोहण्यातल्या चॅम्पियनचं चरित्र आहे," बाबा अभिमानानं म्हणाले.

"असं का. मंग हे बाई सकाळी उठून काय करते म्हने?"

"पोहते."

"कुठी?"

"कुठे म्हणजे? पाण्यात."

"मंग आपली पोट्टी पाटावर काय करून राहिली?"

बाबांचा चेहरा पडला नाही. बाबांचा चेहरा कधी पडायचा नाही. ते म्हणाले, "संकल्प सोडला आहे सर. आता मध्येच मोडता येत नाही. फळ उलटं मिळतं."

सर माझ्याकडे वळले. "ऊठ पोरी. अजून चार दिस हायेत. अर्धं तरी सावरून घेऊ."

तीन माणसं माझ्याकडे बघत होती. उठायचं तर एवढंच होतं की मांडी मोडायची. मी उठले नाही. मी भीतीनं उठले नाही, भक्तीनं नाही, हे आता सांगून टाकते. मोडलेल्या पारायणामुळे हरले तर सगळं माझ्या डोक्यावर येईल, या भीतीनं मी पुढची ओळ वाचली. मालिशवाला अजून डाव्याच खांद्यावर होता.

सरांनी चपला घातल्या. "आता थ्या पाटालेच घेऊन जाजो अकोल्याले," असं म्हणाले आणि गेले.

सातव्या दिवशी समाप्ती झाली. शिऱ्याचा नैवेद्य पुस्तकाला दाखवला. दातात पदक धरलेल्या बाईसमोर शिऱ्याची वाटी! शेजारच्या चार बायका प्रसादाला आल्या आणि त्यांतल्या एकीनं पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. त्या बाईच्या कपाळावर ते अजून आहे.

दुपारी बाबा आणि मी अकोल्याला गेलो. जठारपेठेत आतोबांनी विचारलं, "वाचलंस ना? काय घेतलंस त्यातून?" मला एक अक्षर आठवेना. एकवीस अध्याय मी संपवण्यासाठी वाचले होते. मी म्हणाले, "जिद्द." आतोबा खूश झाले.

चाचणीचं थोडक्यात सांगते, कारण ती होतीही थोडकीच. शंभर मीटर म्हणजे एकदा जायचं आणि एकदा यायचं. जाताना मी पहिली होते. भिंतीला पाय मारून वळले तेव्हाही पहिली. मग शेवटच्या वीसेक मीटरला माझे हात भिजलेल्या गोधडीसारखे झाले; उचलावे तर उचलेनात. एक मुलगी गेली, मग दुसरी गेली. दुसरी आणि मी यांच्यात एका पंजाचं अंतर होतं. संघात दोघी घेतल्या. सर काठावर उभे होते. त्यांनी मला टॉवेल दिला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. आतोबांनी अपयशाबद्दलचं ते नेहमीचं वाक्य ऐकवलं. त्यांना तोंडावर बोलायचं मी जेमतेम टाळलं.

परतीच्या गाडीत बाबा म्हणाले, "आता झालं ना समाधान? सोमवारपासून क्लास."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. फेकून द्यायलाच काढलं होतं. पण खिडकीला जाळी होती, म्हणून ते हातात राहिलं. एका हातात आत्यानं दिलेला चिवडा, तेलकट बोटं, सीटवर पाय घेतलेले. आसन नाही, दिशा नाही, मधूनच कुठूनतरी उघडलं. अकरावा अध्यायच निघाला, मालिशवाल्याच्या पुढची पानं. तिथे बाई आपल्या पहिल्या निवडीत हरली होती. घरी जाताना गाडीत तिनं आईला शिव्या घातल्या होत्या, अर्धा केक एकटीनं खाल्ला होता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यात गेली होती. का? तर घरात बसून सगळ्यांची तोंडं बघवत नव्हती म्हणून. बस. स्वप्न नाही, जिद्द नाही. ज्याच्याकडून तिनं पुस्तक लिहून घेतलं असेल, तो या दोन पानांना पॉलिश करायचं विसरला असावा. हीच पानं मी चौथ्या दिवशी सरांच्या पाठीमागे, चालीवर, मोठ्यानं वाचली होती. एक अक्षर कानात गेलं नव्हतं.

मला त्या बाईचा भयंकर राग आला आणि तेवढीच ती आवडली. आईला शिव्या घालणारी ही बाई सात दिवस माझ्या समोर होती आणि मी तिला नैवेद्य दाखवत होते! मूर्तिजापूर गेलं तेव्हा मी पुस्तक मिटलं.

"बाबा," मी म्हणाले, "विधीत चूक झाली."

"कुठली चूक?" बाबा एकदम सरळ बसले. हा त्यांचा प्रांत होता.

"आसन चुकलं. ही पोथी पाटावर वाचायची नाही. ती बाई पाण्यात आहे, तर पाण्यात बसूनच करायला पाहिजे होतं. विधी चुकला की तुम्ही लोकांना काय सांगता?"

आयुष्यभर लोकांना विकलेलं वाक्य पोरगी परत करत होती, आणि ते नाकारायचं तर उद्यापासून बैठकीत काय बोलायचं? बडनेरा स्टेशनाबाहेर ऑटोत बसल्यावर बाबा म्हणाले, "एक वर्ष. पण उद्या अमावास्या आहे. परवापासून जा."

पुढच्या वर्षी अकोल्यात मी दुसरी आले, हे इथेच सांगून टाकते. राज्याला गेले आणि तिथे शेवटून पहिली आले. त्यावर कोणी पुस्तक लिहून मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे अमावास्येला, पावणेसहाला मी दबक्या पावलांनी पिशवी घेऊन बाहेर निघाले. ओसरीवर बाबा बसले होते, आंघोळ करून, सोवळं सोडून पँट घातलेली, हातात स्कूटरची किल्ली.

"परवापासून म्हटलं होतं मी," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, उघडून पाहिली. आत पुस्तक नाही याची खात्री केली आणि स्कूटरला किक मारली.