दसऱ्याच्या आत उतरायचे धडे

पाथर्डीत एका कापडदुकानाच्या वर मी आणि माझा आतेभाऊ कॉम्प्युटर टाकून बसलो होतो. हातात काम एकच: रेंज नसतानाही मोबाईलवर उघडतील असे धडे. ते हवे होते जवळच्या गावातल्या एका ताईंना. त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या आणि संध्याकाळी फडावरच्या पोरांना पाचटाच्या कोपीपुढे बसवून शिकवायच्या. तिथे रेंजचं नाव नाही. दसरा झाला की टोळी निघणार. त्याच्या आत काम झालं नाही, तर पोरांचा सगळा हंगाम कोरडा.

आणि आतेभावाला दर आठवड्याला नवं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार सांगाडा, आवडायचं. नवं आलं की जुनं सगळं मोडायचं. विचारलं की म्हणायचा, पुढे वाढवायला सोपं जाईल. अरे, आधी एक धडा तर उघडू दे! नाचता येईना अंगण वाकडं, तसं याचं. शेवटी घटस्थापनेला मी वैतागून साधं एचटीएमएल आणि हाताने लिहिलेली जावास्क्रिप्ट घेतली, धडे ब्राउझरमध्येच साठवले. आतेभावाने अबोला धरला. बरंच झालं, काम तरी पुढे सरकलं. ताईंच्या मोबाईलवर नेट बंद करून धडे उघडून दाखवले.

निघायच्या सकाळी ताईंचा फोन आला, धडे दिसत नाहीत. मी गाडी काढून गावात गेलो. कळलं ते असं: जाण्याआधी टोळीतले सगळे मोबाईलच्या दुकानातून हंगामभराचे पिक्चर भरून आणतात, आणि जागा व्हावी म्हणून दुकानदार आधी सगळं साफ करतो. त्यात आमचे धडेही गेले. कुठलंही फ्रेमवर्क असतं तरी गेलेच असते. एवढं भांडलो, पण हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. संताप संताप झाला.

ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या चढत होत्या. धडे पुन्हा उतरवायला मी माझ्या मोबाईलचं नेट ताईंना दिलं. जागा कमी पडली, तेव्हा त्यांनी नवऱ्याला न विचारता त्याचे पिक्चर उडवले. मजकूर पटकन उतरला. प्राण्यांची चित्रं उतरायच्या आत टोळीच्या मुकादमाने ट्रक सोडायला सांगितला. मी थांबा म्हणालो, त्याने ऐकलं नाही.

"ऱ्हाऊ द्या दादा," ताई वरून म्हणाल्या. "गाय, बैल मी भुईवर काढीन. देवमासा तेवढा कसा असतोय, सांगा."

मी दोन्ही हात पसरून शेपटी दाखवत ट्रकमागे धावलो.