चाकाची गाथा आणि सावलीची

आज भर विहारात मी अध्यक्षांचं ऐकलं नाही.

कोणाला राग आला असेल तर येऊ दे.

माझ्या लेकीला, सुजाताला, जाऊन आज वर्ष झालं. कर्जतला कॉलेजात गणित शिकवायची ती. मी सातवीत शाळा सोडलेला. पण आमच्या कडावच्या विहारात गाथा मीच वाचतो. चूक होऊ नये म्हणून आदल्या दिवशी घोकतो, मग वाचतो.

धम्मग्रंथाच्या सुरुवातीच्या दोन गाथा जोडीच्या आहेत. मन मळलेलं असेल तर दुःख मागे लागतं, गाडीच्या बैलामागे चाक यावं तसं. मन निर्मळ असेल तर सुख येतं, सावलीसारखं.

आमच्याकडे पद्धत अशी पडली की बारसं, लग्न, गृहप्रवेश असला की फक्त सावलीची वाचायची. मंगल कामात चाक कशाला?

सुजाताने एकदा विचारलं, "बाबा, पहिली का सोडली?"

"सारखीच हाय गं. येळ वाचतो."

"सारखी हाय? थांबा."

तिने आरपार दिसणारे दोन बटरपेपर आणले. प्रत्येकावर एक गाथा लिहिली. एकावर एक ठेवून खिडकीला धरले.

बहुतेक शब्द बरोबर एकमेकांवर बसले. दोन-तीन जागी गिचमीड.

"ही सिमेट्री, बाबा. मळलेल्याच्या जागी निर्मळ. दुःखाच्या जागी सुख. आरशात उलटं दिसतं तसं. पण चाकाच्या उलट सावली असते का?"

"नाय."

"म्हंजे इथं आरसा मुद्दाम फोडलाय. चाक बैलाला ओढावं लागतं. सावलीला वजनच नाय. दोन्ही शेजारी ठेवल्याबिगर हे दिसंल कसं?"

हेच तिने विहारात सांगितलं. अध्यक्ष हसले.

"धम्माला फूटपट्टी लावतेस व्हय गं?"

"धम्माला नाय काका. तुमच्या घाईला."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून मी दोन्ही वाचू लागलो. "पोरीनं बापाला शिकवलं," असे टोमणे आले. माझं बीपी वाढलं. पण वाचल्या.

आज अध्यक्ष जवळ येऊन हळूच म्हणाले, "दादा, पोरीचं वर्ष हाय. आज तरी चाक नको. तुमालाच झेपायचं नाय."

माणूस मायेनेच बोलला. पण मी म्हणालो, "आजच दोन्ही वाचायच्या हायत."

उभं राहून पहिली सुरू केली. चाकाच्या शब्दाला अडखळलो. अध्यक्षांनी हातानेच 'पुरे' अशी खूण केली.

मी पाणी प्यायलो. पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केली. मग दुसरी.

गणित आणि धम्म ज्यांना वेगळे ठेवायचे आहेत त्यांनी खुशाल ठेवावेत. ज्याला पटत नाही त्याने दिवसाउजेडी घरी यावं. बटरपेपर जपून ठेवलेत, खिडकीला धरून दाखवतो.

सुजाता, वर्षभर चाक ओढतोच आहे.

पण सावली सोडली नाही, पोरी. चाकही सोडलं नाही.

दोन्ही वाचल्या.

जय भीम, बाळा.